ज्ञात मर्यादा क्रमांक सतरा

"मॅडम, ह्यांच्या गळ्यातनं दुसरंच कोणतरी बोलाय लागलंय. तुम्ही याल काय जरा?"

सुशीलाक्कांचा फोन आला तेव्हा मृणाल आवटी नुकतीच केंद्राचं कुलूप काढत होती. सोमवार, सकाळचे साडेनऊ. तिनं कुलूप पुन्हा लावलं आणि स्कूटर मालगाव रस्त्याकडे वळवली.

मिरजेत मृणालचं वाचा-उपचार केंद्र होतं. घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढावं लागलेल्या माणसांना ती पुन्हा बोलायला शिकवायची. जिनगोंडा मगदूम, ज्यांना सगळे आण्णा म्हणत, हे तिचे सगळ्यात चिकाटीचे विद्यार्थी. वय त्रेसष्ट. सुशीलाक्का त्यांच्या पत्नी.

आण्णा खुर्चीत ताठ बसले होते. गळ्याला पट्टी होती, ओठ हलत होते, आणि पट्टीतून येत होतं ते असं: "आं... ऊ... ब्र... आं... आं." सपाट, पत्र्यासारखा आवाज. बोलणं थांबलं की ते मृणालकडे बघत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. मांडीवरच्या दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या.

"काल जेवताना चांगलं बोलत होते," भिंतीला हात लावून उभ्या असलेल्या सुशीलाक्का म्हणाल्या. "सकाळी डब्यातनं पट्टी काढली, घातली, आन् हे. मी म्हटलं, टीव्ही लागलाय का काय."

साखरेनं सुशीलाक्कांची नजर सहा वर्षांपूर्वीच नेली होती. त्यानंतर दोन वर्षांनी आण्णांचं ऑपरेशन झालं. एकोणतीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गाड्या पुकारणारा माणूस मुका झाला, आणि त्यानं लिहिलेलं वाचायला घरात कुणी नव्हतं. मुलगी लग्न होऊन हुबळीला. दोघांनी मग तळहातावर टिचकी मारायची खूण काढली. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. सुशीलाक्का विचारायच्या, आण्णा टिचकी द्यायचे. पण जे आण्णांना आपणहून सांगायचं असे, ते कधीच सांगता येत नसे, कारण आधी सुशीलाक्कांना नेमका प्रश्न सुचायला हवा. पावणेतीन वर्षं तो संसार असा चालला.

मग कंठिका आली.

स्वरयंत्र काढलं तरी बोलण्याची इच्छा मेंदूतून निघतच असते. जिभेच्या मुळाशी, हनुवटीखाली, गळ्याच्या उरलेल्या स्नायूंत तिचे बारीक विद्युत्-स्पंद उमटतात. कंठिका म्हणजे ते टिपणारी मऊ पट्टी. कोणत्या स्पंदाचा कोणता ध्वनी, हे मात्र प्रत्येक माणसाचं वेगळं. कुणाचा व्रण डावीकडे, कुणाच्या जिभेचा अर्धा भाग गेलेला. म्हणून माणसानं रोज दोन तास सराव करायचा आणि यंत्रानं त्याच्याकडून शिकायचं. या शिकण्यातून जी तयार होते तिला छाप म्हणत. छाप महिन्यामहिन्यानं पिकत जाते. ती पट्टीत असते आणि तिची प्रत पुण्यात कंपनीच्या केंद्रात असते. पट्टी ज्या डब्यात चार्जिंगला ठेवायची, त्या डब्यातलं सिमकार्ड सकाळी केंद्राशी जोडणी करतं आणि दोन्ही छापा सारख्या करून घेतं.

आण्णांना कंठिका मिळून चौदा महिने झाले होते. पहिल्या तीन महिन्यांत नुसते स्वर आले. पाचव्या महिन्यात मृणालच्या केंद्रातल्या निळ्या खुर्चीत बसून ते पहिलं वाक्य बोलले: "सुशे, काल आमटी लई खारट झालीती." सुशीलाक्का हसल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, "तरी काल मुकाट्यानं खाल्लीसा?" लग्नाच्या जुन्या व्हिडिओतून घेतलेला तो आण्णांचाच आवाज होता, शब्दाचं शेवटचं अक्षर लांबवणारा. त्यानंतर तो थांबला म्हणून नाही.

मृणालनं पट्टी तपासली. तारा, बॅटरी, स्पर्शबिंदू, सगळं ठीक. पडद्यावर छापेची तारीख बघितली. ती अकरा महिन्यांपूर्वीची होती.

तिनं तिथूनच कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात वाचत होती. "रविवारी साठवण यंत्रणेत बिघाड झाला होता. बॅकअपमधून सर्व डेटा यशस्वीरीत्या पूर्ववत करण्यात आला आहे. आपला डेटा सुरक्षित आहे."

"सुरक्षित आहे तर माझ्या पेशंटचा आवाज कुठाय?"

कागद चाळल्यासारखा आवाज झाला. "मॅडम, छापांच्या बाबतीत ती ज्ञात मर्यादा आहे. क्रमांक सतरा. करारनाम्याच्या परिशिष्टात दिलेली आहे."

"कुणाला ज्ञात?"

"सॉरी?"

"मर्यादा ज्ञात होती म्हणता. कुणाला? मला नव्हती. हे समोर बसलेत त्यांना नव्हती. तुम्हाला होती, आणि तुम्ही ती कुठल्या तरी परिशिष्टात घालून गप्प बसलात?"

"मी आपली तक्रार नोंदवून घेते, मॅडम."

समोर आण्णा अजून प्रयत्न करत होते. "ब्र... आं... ऊ."

मृणालचा धाकटा भाऊ हर्षल त्याच कंपनीत होता, पुण्यात. डेटाबेस सांभाळणाऱ्या पाच जणांपैकी एक. त्याच्याच ओळखीनं कंठिका मिरजेसारख्या गावात इतक्या लवकर आली होती. केंद्रावर परत येऊन तिनं त्याला सहा फोन केले. बारा वाजता त्यानं उचलला. आवाज घुमत होता, जिन्यात उभा असावा.

"ताई, मी बोलू शकत नाही."

"मग ऐक नुसतं." आणि तिनं सकाळी मोबाइलवर घेतलेला आण्णांचा आवाज त्याला ऐकवला. पूर्ण एक मिनिट.

हर्षल म्हणाला, "तुझ्या केंद्रात पेशंटचं रजिस्टर असतं ना? त्यात तू लिहितेस, अमक्याचा एक्सरे कपाट नंबर नऊमध्ये. समज, तू रोज त्या रजिस्टरची झेरॉक्स काढून घरी नेतेस. एक दिवस केंद्राला आग लागते. तू झेरॉक्सवरून रजिस्टर परत तयार करतेस. एक ओळ इकडची तिकडे नाही. कपाट नंबर नऊ लिहिलेलं आहे."

"आणि कपाट?"

"कपाटाची झेरॉक्स कुणी काढलीच नव्हती. आधी छापा रजिस्टरमध्येच असायच्या. त्या जड व्हायला लागल्या म्हणून अकरा महिन्यांपूर्वी बाहेरच्या साठ्यात हलवल्या. बॅकअप मात्र रजिस्टरचाच होत राहिला. रोज हिरवी खूण यायची, बॅकअप यशस्वी. काल तो साठाच खराब झाला. आता पुण्याच्या केंद्राला छाप सापडत नाही, म्हणून ते स्वतःकडची शेवटची छाप देतं, हलवण्याआधीची. ज्यांना पट्टी अकरा महिन्यांच्या आत मिळाली, त्यांच्यासाठी तर काहीच नाही."

"पण आण्णांच्या पट्टीत कालची छाप होती की!"

"होती. सकाळी डब्यानं जोडणी केली. केंद्र सांगतं तेच खरं, असा नियम आहे. पट्टीतली छाप अकरा महिने पुढची दिसली, म्हणजे कुणीतरी ढवळाढवळ केलीय, असं धरून केंद्रानं ती पुसली आणि आपली जुनी घातली."

मृणाल निळ्या खुर्चीत बसली. "म्हणजे ज्यांची जोडणी अजून झाली नाही, त्यांच्या पट्टीत आवाज आहे?"

पलीकडे जिन्यातलं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"हर्षू."

"आहे. जोडणी टप्प्याटप्प्यानं चाललीय. उद्या दुपारी बारापर्यंत सगळ्यांची पूर्ण होईल."

"मग थांबवा ना ती!"

"सकाळी आठलाच आम्ही वर कळवलं. त्यांचं म्हणणं, पूर्ण करा. अर्ध्या पट्ट्या एक सांगतात, केंद्र दुसरं सांगतं, ही विसंगती सांभाळणं अवघड जातं."

"माणसं मुकी केली की विसंगती मिटते, होय रे?"

"ताई, ओरडू नकोस. हे मी तुला सांगितलं, हे कुणाला कळलं तर संपलंच माझं."

"एक सांग. हा सतरा नंबर कुणी लिहिला?"

जिन्यात कुणीतरी खाली उतरून गेल्याचा आवाज आला. तो लांब गेल्यावर हर्षल म्हणाला, "मी. छापा हलवल्या तेव्हा मी म्हटलं होतं, वेगळ्या यंत्रावर एकदा बॅकअप परत भरून बघू, काय येतं काय नाही. त्यांनी वेगळं यंत्र दिलं नाही. म्हणाले, मर्यादा म्हणून लिहून ठेव. मी लिहिलं. 'बाह्य साठ्यातील मजकूर प्रतीमध्ये समाविष्ट होत नाही.' माझ्या परीनं मी सावध केलं होतं."

"कुणाला सावध केलंस? परिशिष्टाला?"

त्यानं फोन ठेवला.

मृणालकडे एक्केचाळीस माणसं होती. डब्याच्या मागची खाच उघडून सिमकार्ड काढलं की डबा नुसतं चार्जिंग करणार, जोडणी नाही. पण त्या खाचेवर कंपनीचं सील होतं, आणि ते तोडणार नाही, कुणाला तोडू देणार नाही, असं मृणालनं प्रशिक्षक म्हणून लिहून दिलं होतं. तिच्या केंद्राची मान्यता त्यावर अवलंबून होती. शिवाय जोडणीचं वेळापत्रक तिला कसं कळलं, हे शोधायला कंपनीला एक तासही लागला नसता. आडनाव एकच होतं.

तिनं हर्षलला पुन्हा फोन केला नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. ही गोष्ट तिनं पुढे कधीही स्वतःपासून लपवली नाही.

पहिला फोन लावला तो बेडगच्या शिवणकाम करणाऱ्या मालन कदमांना. "बोला मॅडम," असं स्वच्छ ऐकू आलं आणि मृणालचा श्वास सुटला. "मालनताई, आत्ताच्या आत्ता डबा उलटा करा. मागचं सील तोडा. हो, तोडा. मी सांगते म्हणून तोडा."

दुसरा फोन. "आं... ग्र..."

तिसरा फोन. "काय झालं ओ?"

कोण वाचलं आणि कोण गेलं, ते पहिल्याच शब्दाला कळत होतं. पाचव्या फोननंतर घंटी वाजत असताना ती डोळे मिटून घ्यायला लागली. आष्ट्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांनी मागच्याच महिन्यात नातीच्या बारशाला नाव घोषित केलं होतं, त्यांच्याकडून फोनवर नुसती शिट्टीसारखी हवा आली. त्यांनी फोन कापला नाही. ते तसेच शिट्टी वाजवत राहिले, आणि मृणाल "सर, मी येते, सर, मी येते," म्हणत राहिली.

एक्केचाळीसपैकी सत्तावीस वाचले. चौदा गेले होते.

दुपारी तीनपासून तिनं दुसऱ्या गावांच्या प्रशिक्षकांना फोन सुरू केले. सोलापूर, लातूर, अकोला, चिपळूण. काहींनी लगेच ऐकलं. लातूरचा एक जण म्हणाला, "लेखी काही आहे का तुमच्याकडे?" ती म्हणाली, "लेखी कंपनीकडे आहे. सगळं लेखीच आहे त्यांच्याकडे. तू एका पेशंटला फोन लाव आणि कानानं ऐक." दहा मिनिटांनी त्याचा परत फोन आला. "राहिलेल्या केंद्रांची यादी पाठवा, मीही फोन लावतो," एवढंच म्हणाला. मंगळवारी सकाळी अकरापर्यंत राज्यभरातल्या साठाहून जास्त केंद्रांत सीलं तुटत होती.

बुधवारी कंपनीचे विभागीय व्यवस्थापक सिद्धेश नगरकर मिरजेला आले. सभ्य माणूस. चप्पल बाहेर काढून आत आले. त्या वेळी आण्णा आणि सुशीलाक्काही केंद्रात होते.

"तुमच्या भावना मी समजू शकतो," नगरकर मृणालला म्हणाले. "पण सील तोडायला लावणं हा कराराचा भंग आहे. आणि आवाज गेला, असं जे तुम्ही सगळीकडे सांगताय, ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही. छाप पूर्वस्थितीत आणलेली आहे."

"कुठल्या पूर्वस्थितीत वो?" सुशीलाक्कांनी मध्येच विचारलं.

नगरकर वळले. "म्हणजे, काकू, आधी जशी होती तशी."

"आधी हे स्टँडावर बोलले की पार मार्केटपर्यंत ऐकू जायचं. ती स्थिती आणलीसा काय? का ऑपरेशननंतर गप पडून होते ती? रविवारी जेवताना मला सांगत होते, दारातल्या लिंबाला फळ धरलंय म्हणून. ती स्थिती कुठं ठेवलीसा?"

"आम्ही त्यांना पुन्हा प्रशिक्षणात प्राधान्य देऊ."

"चौदा महिने?" मृणाल म्हणाली. "या वयात, पुन्हा स्वरांपासून? आणि का? तुम्हाला एक जास्तीचं यंत्र लावून एकदा बघायचं नव्हतं म्हणून?"

नगरकरांनी वही मिटली. "जास्तीच्या यंत्राचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

वाक्य तोंडातून गेलं होतं. आता उत्तराची गरजच नव्हती.

शुक्रवारी हर्षलला काढून टाकलं. गोपनीयतेचा भंग. त्याच्या बायकोनं, केतकीनं, मृणालला फोन केला. ती ओरडली नाही, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण गेलं. "तुमच्या पेशंटचे आवाज वाचले ताई, चांगलं झालं. पण त्याला एकदा विचारायला हवं होतं. त्याला वाटतं, तुम्ही त्याला मोजलंच नाहीत."

मृणाल म्हणाली, "मी मोजलं, केतकी. म्हणूनच विचारलं नाही." केतकीला ते पटलं नाही. अडीच महिने भावाबहिणीत बोलणं झालं नाही. मृणालला त्याची आठवण येई आणि रागही येई, आणि यातलं आधी काय येतं ते तिला कळत नसे.

केंद्राची मान्यता कंपनीनं स्थगित केली. ती तरी रोज केंद्र उघडत होती. चौदा जणांना अ, आ, इ करून घेत होती. मुख्याध्यापक दोनदा आले, तिसऱ्यांदा आले नाहीत.

साठ केंद्रांनी मिळून तक्रार केल्यावर चौकशी समिती नेमली गेली. पुण्यात सुनावणी झाली तोपर्यंत कंपनीनं पट्टीतली छाप उलट पुण्याच्या केंद्रात घेण्याची सोय केली होती. जे फेब्रुवारीत अशक्य होतं, ते एप्रिलमध्ये सहा दिवसांत झालं. एकूण दोन हजार सहाशे चौदा माणसांच्या छापांना धोका होता. त्यातल्या अठराशे बहात्तर वाचल्या, कारण कुणीतरी सील तोडलं होतं. सातशे बेचाळीस गेल्या. आण्णा त्या सातशे बेचाळिसांतले.

कंपनीच्या तज्ज्ञानं पाऊण तास पडद्यावर आलेख दाखवले. बिघाडापासून सात तासांत यंत्रणा सुरू. रजिस्टरमधली एकही नोंद गहाळ नाही. "जगातल्या कुठल्याही बॅकअप पद्धतीला मर्यादा असतात," तो म्हणाला. "त्या आम्ही पारदर्शकपणे नोंदवलेल्या होत्या."

तेवढ्यात मागच्या रांगेतून हर्षल उठला. तो येणार आहे हे मृणालला माहीत नव्हतं. दाढी वाढली होती. त्यानं अध्यक्षांची परवानगी मागितली. अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी मान हलवली.

"सतरा क्रमांकाचं वाक्य मी लिहिलं," तो म्हणाला. "मर्यादा असतात हे खरंय. बाहेरचा साठा बॅकअपमध्ये येत नाही, ही पद्धतीची मर्यादा. ते एकदाही परत भरून न बघणं, ही मर्यादा नाही. सकाळी आठला कळल्यावरही दुसऱ्या दिवशी बारापर्यंत पुसत राहणं, ही तर मर्यादा नाहीच. आणि मी ते वाक्य लिहून अकरा महिने निवांत झोपलो. लिहिलं म्हणजे सुटलो, असं मला वाटलं. मी सुटलेलो नाही." तो बसला. बसताना त्यानं बहिणीकडे बघितलं नाही, पण जागा मात्र तिच्या शेजारची घेतली.

शेवटी बाधितांपैकी एकाची साक्ष होती. आण्णांचं नाव पुकारलं गेलं.

कंपनीचे वकील उभे राहिले. "साक्षीदारांना लिहिता येतं. त्यांनी लेखी निवेदन द्यावं, समितीचा वेळ वाचेल."

"त्यांना बोलायचंय," मृणाल म्हणाली.

अध्यक्षांनी आण्णांकडे बघितलं. आण्णांनी होकारार्थी मान हलवली, शर्टाची कॉलर नीट केली आणि उभे राहिले. सुशीलाक्का त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या, चेहरा आवाजाच्या दिशेला करून.

आण्णा बोलायला लागले. "आं... ब्र... ऊ... आं... ग्र..." ते वाक्यं बोलत होते. कुठं पूर्णविराम आहे ते खांद्यांवरून कळत होतं. एका ठिकाणी त्यांनी सुशीलाक्कांकडे हात केला, एका ठिकाणी तज्ज्ञाकडे बोट दाखवलं. पुढे त्यांचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा पट्टीखाली ताठ झाल्या, आणि पट्टीतून तोच सपाट आवाज येत राहिला, ना चढा, ना उतरता. तज्ज्ञानं मान खाली घातली. वकिलांनी दोनदा घड्याळ बघितलं. आण्णा थांबले नाहीत. जे सांगायचं ते सगळं सांगून झाल्यावरच ते थांबले, अध्यक्षांना नमस्कार केला आणि बसले.

लघुलेखिकेचे हात यंत्रावर तसेच थबकलेले होते. "मॅडम," ती हळूच म्हणाली, "काय लिहू?"

"जे घडलं ते लिहा," अध्यक्षा म्हणाल्या.

तिनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "साक्षीदार श्री. जिनगोंडा मगदूम चार मिनिटं बोलले. समितीला एकही शब्द समजला नाही."

वकिलांनी दुसरं वाक्य कामकाजातून वगळावं अशी विनंती केली. अध्यक्षांनी ती नाकारली, कागद पुढे ओढला आणि त्या वाक्याखाली सही केली.